मायच्या हातची पऱ्हाटी

रानाच्या काठाला, पळसांच्या आड एक इवलीशी झोपडी होती. तिच्यात वेणू नावाची मुलगी, तिचा चिमुकला भाऊ सोनबा आणि त्यांचे बाबा राहत. पेरणी झाली आणि त्यांची माय तापाने गेली. तिची दुलईही तिच्याबरोबरच गेली, कारण गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. आता थंडी येणार होती आणि सोनबाला पांघरायला होतं एक फाटकं धोतर. तो झोपेत "माय, माय" करी. वेणू जागीच असे, पण ओ द्यायचा तिला धीर होत नसे.

झोपडीमागे मायने लावलेली पऱ्हाटी होती, म्हणजे कापसाची झाडं. जागा तळहाताएवढी, म्हणून मायने ती अगदी जवळजवळ लावली होती. पण माय गेल्यावर त्यांच्याकडे बघणार कोण? झाडं वाढली, वाढली, एकमेकांच्या गळ्यात पडली. खाली ऊन शिरेना. इवल्या इवल्या कळ्या पिवळ्या पडून गळू लागल्या.

मधलं सगळ्यांत उंच झाड मायने वेणूचं बोट हातात धरून लावलं होतं. वेणू रोज त्याला मिठी मारून रडे.

एका सकाळी तिथल्याच पिवळ्या फुलातून परी उतरली. परी कसली, बोंडाएवढी पोर! पंखांवर दंवाचे थेंब चमचमत होते आणि पायांत गुलाबी पैंजण रुणझुणत होते.

"वेणूबाळा, एक वर माग."

"माही माय दे."

परीचे डोळे भरून आले. "ते माझ्या हाती नाही गं. दुसरं काही माग."

वेणू खूप रडली. मग नाक पुसून म्हणाली, "मंग सोनबाले दुलईपुरता कापूस दे. मले काही नको."

"देईन. पण अट आहे. दाटीने लावलेल्या झाडांना फार उंच होऊ द्यायचं नसतं. नुसत्याच फोफावलेल्या, फुलं न धरणाऱ्या फांद्या काढ आणि प्रत्येक झाडाचा शेंडा खुड. मग ऊन खाली उतरेल, झाडाचं बळ बोंडांत जाईल. मात्र एकही झाड वगळलंस, तर वर फुकट."

वेणूने ऊन डोक्यावर येईपर्यंत फांद्या काढल्या, शेंडे खुडले. उरलं मधलं झाड.

"हे मायच्या हातचं हाय. याले लागंल."

"लागेल," परी म्हणाली. "तुलाही लागेल."

तेवढ्यात झोपडीतून सोनबाचं रडणं ऐकू आलं. वेणूने डोळे मिटले आणि शेंडा खुडला. मग तिथेच बसून तिने हंबरडा फोडला. परी तिच्या खांद्यावर बसून राहिली.

दिवाळी सरली आणि बोंडं फुटली. बुटक्या झाडांवर खालपासून वरपर्यंत पांढराशुभ्र, मऊमऊ कापूस! मधल्या झाडावर तर पान दिसेना.

"वेणू, हा तं दोन दुलयांचा कापूस हाय व!" बाबा म्हणाले आणि त्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

"दुसरी तुझी," उरल्यासुरल्या एका फुलातून परी हळूच म्हणाली. "तू मागितली नव्हतीस ना, म्हणून." सोनेरी उजेड झाला, आणि तो ओसरला तेव्हा परी नव्हती.

दुलया भरून झाल्या त्या संध्याकाळी सोनबा आपल्या नव्या दुलईत शिरला. डोळे मिटता मिटता पुटपुटला, "माय."

वेणू त्याच्याजवळ सरकली.

"ओ," ती म्हणाली, आणि सोनबा झोपला.