माशाला कागद लागत नाही

खाडीकाठच्या एका गावात सगुण नावाचा एक भोळा तरुण राहत होता. वल्हवण्यात आणि पोहण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. डोक्याचं म्हणाल तर, सांगितलेली गोष्ट तो कधी विसरत नसे. खरं दुखणं तेच होतं.

ही फिरंग्यांच्या अमलातली गोष्ट. खाडीच्या अलीकडचा मुलूख आपला, पलीकडचा त्यांचा. मधोमध एका खडकावर नाका, नाक्यावर नाकेदार आणि नाकेदाराच्या हातात शिक्का. इकडच्या माणसाला तिकडे जायचं तर कागद लागायचा. खाडीतल्या माशांना हे कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते मनाला येईल तसे जात-येत असत.

सगुणची बायको शेवंती पलीकडची. तिचे वडील जानूमामा तांडेल. नदीच्या वरच्या अंगाला घरं संपतात आणि नुसतं रान लागतं. त्या रानातल्या खोल डोहात तांबोशी मासळी कुठे बसते, हे जानूमामांना जेवढं ठाऊक होतं तेवढं दुसऱ्या कोणाला नव्हतं. शहरातले हौशी लोक गळ टाकायला येत, त्यांना होडीतून रानात नेऊन सुखरूप परत आणणं हा मामांचा धंदा.

तर एकदा काय झालं, भरतीच्या वेळी शेवंतीने सगुणला सांगितलं की होडी अशी घट्ट बांधा, तसूभर हलता कामा नये. सगुणने ती धक्क्याच्या खांबाला आखूड दोरीने आवळून बांधली. मग ओहोटी लागली. पाणी गेलं, होडी राहिली. खांबाला टांगून, हवेत. शेवंतीचा माहेरून आलेला तांब्याचा हंडा होडीत होता. तो घरंगळून चिखलात पडला आणि दिसेनासा झाला. सगुण खाली उभा राहून कौतुकाने दाखवत होता की बघ, तसूभर हलली नाही.

शेवंती त्याच दिवशी माहेरी निघून गेली.

घर ओकंबोकं झालं. आई चूल पेटवताना दोन्ही वेळा सुनेचं नाव काढी. सगुणला घास गिळेना. त्याचा शेवंतीवर फार जीव होता. चार दिवस त्याने कसेबसे काढले, पाचव्या दिवशी कागद केला आणि सासऱ्यांच्या दारात जाऊन उभा राहिला.

जानूमामा माणूस समंजस. जावयाला पाट दिला, गूळपाणी दिलं. आत दाराआड शेवंती उभी होती, ती काही बाहेर आली नाही. मामा म्हणाले, "जावयानू, शेवंतीचा म्हणणा इतक्याच आसा, की तुमी एक काम तरी धड करून दाखवा. माझ्यावांगडा रानात चला. डोहातली एक तांबोशी तुमच्या आवशीच्या तव्यार पडली, की शेवंतीक धाडतंय."

"बरां मामानू," सगुण म्हणाला. एक मासा आईच्या तव्यापर्यंत न्यायचा. यात अवघड ते काय?

दोघं सगुणच्या होडीतून रानात गेले. दोन्ही काठांना झाडी इतकी दाट की पाणी काळं दिसत होतं. चिखलात एक सुसर तोंड उघडं टाकून पडली होती. मामा जिथे बोट दाखवत तिथे सगुण गरी टाकी. दुपारपर्यंत तीन तांबोश्या लागल्या, लालबुंद, हातभर लांब. मामा आपल्या घरापाशी उतरले आणि जाता जाता जावयाला नाक्याची रीत समजावून दिली. कागदावर जितकं लिहिलंय तितकंच न्यायचं आणि तितकंच परत आणायचं. जास्त नाही, कमी नाही. वल्हं विसरून राहिलं तर नाकेदार अडवतो.

"बरां मामानू. आता ध्यानात ठेवतंय."

नाका दिसू लागला तसा सगुणने कागद आठवला. एक माणूस, एक होडी, दोन वल्ही, एक गरी. मग त्याने होडीत पाहिलं. माणूस होता, होडी होती, वल्ही होती, गरी होती. आणि तीन तांबोश्या. तांबोश्यांचं नाव कागदावर नव्हतं. त्याने तिन्ही उचलल्या आणि पाण्यात सोडल्या.

नाकेदार आपल्यातलाच होता, टोपी मात्र फिरंगी घालायचा. त्याने कागद पाहिला, होडी पाहिली आणि शिक्का मारला. सगुण रिकाम्या हातांनी घरी गेला. आईने तवा तापत ठेवला होता, तो खाली उतरवला.

दुसऱ्या दिवशी हे ऐकून मामांनी कपाळाला हात लावला.

"जावयानू, माशाक कागद लागना नाय. मासो कोणाच्या राज्यातलो नसता. नाकेदाराक एक मासो देवचो नि पुढे जावचा, इतकीच रीत."

"बरां मामानू. आता ध्यानात ठेवतंय."

त्या दिवशी रानात वारा उलटा होता. मासा गरीला तोंड लावीना. दिवस कलता कलता एकच तांबोशी लागली, पण काय तांबोशी! सगुणने ती नाक्यापर्यंत मांडीवर घेऊन आणली. नाक्यावर होडी लावली, दोन्ही हातांनी मासा नाकेदाराच्या पुढ्यात ठेवला आणि पुढे निघाला. नाकेदाराला आयुष्यात इतकी मोठी तांबोशी कोणी दिली नव्हती. त्याने टोपी काढून सगुणला नमस्कार केला. आईने तवा पुन्हा खाली उतरवला.

तिसऱ्या दिवशी मामांच्या बोलण्यातलं 'जावयानू' गेलं.

"सगुण, एकच मासो आसलो तर तो दाखवचो कित्याक? फळयेखाली ठेव, वर वलो गोणपाट टाक, आणि नाक्यार तोंड उघडू नको."

"बरां मामानू. आता ध्यानात ठेवतंय."

त्या दिवशी चार तांबोश्या लागल्या. मामांना वाटलं, आज पोराचं नशीब उघडलं. सगुणने चारही फळीखाली ठेवल्या, वर ओलं गोणपाट टाकलं आणि नाक्यापासून दीड कोसावरच तोंड मिटून घेतलं.

नाकेदार कालच्या माशावर खूश होता. त्याने हसून विचारलं, काय पाव्हणे, आज काय लागलं? सगुण गप्प. घरचे सगळे बरे ना? सगुण गप्प. नाकेदाराच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्याने वही उघडून सरकारी आवाज काढला.

"नांव किदें तुजें?"

सगुणने ओठ आणखी घट्ट दाबले.

आता काल बोलणारा माणूस आज नाव सांगत नाही, म्हणजे एकतर त्याला काही झालं, नाहीतर तो सगुण नव्हे. नाकेदाराने त्याला बाकावर बसवलं. पाणी दिलं, तोंड उघडेना. विडा दिला, तोंड उघडेना. दातखीळ बसली असेल म्हणून पलीकडच्या गावातून वैद्य आणवला. वैद्याने नाकाशी कांदा धरला. सगुणच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण तोंड उघडेना. ऊन चढलं, उतरलं. फळीखालच्या तांबोश्यांना वास सुटला. शेवटी तो वास इतका झाला की नाकेदाराने स्वतःच नाक धरून होडी ढकलून दिली.

चौथ्या दिवशी मामांनी सगुणला समोर बसवून शांतपणे समजावलं. मासा टिकवायचा तर कल्ल्यातून सुतळी ओवायची, होडीच्या मागच्या टोकाला बांधायची आणि मासा पाण्यात सोडायचा. होडीमागून येतो पाण्यातून, घरी पोचेपर्यंत ताजा. नाकेदार विचारील त्याला उत्तर द्यायचं. पण आज रानात जायला नको, माझे हात दुखतात, असं म्हणून मामांनी माडाच्या गुळाची मोठी ढेप फडक्यात बांधून दिली. मासा राहू दे, निदान हा गूळ तरी आईला पोचव.

"बरां मामानू. आता ध्यानात ठेवतंय."

सगुणने फडक्यातून सुतळी ओवली, ढेप होडीच्या मागच्या टोकाला बांधली आणि पाण्यात सोडली.

नाकेदाराने विचारलं, आज काय नेतोस? सगुणने तोंड भरून सांगितलं, गूळ. नाकेदाराने होडीत वाकून पाहिलं. गूळ कुठे आहे? सगुणने मागे बोट दाखवलं. नाकेदार बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. मग त्याने शिक्का मारला. घरी फडकं पोचलं, अगदी स्वच्छ धुतलेलं.

पाचव्या दिवशी सगुण सासऱ्यांच्या अंगणात आला तो मान खाली घालून. सगुणचे डोळे भरून आले. चार दिवस त्याने प्राण ओतून काम केलं होतं, आणि चार दिवस आईचा तवा रिकामा राहिला होता. आपलं कुठे चुकतं, हे त्याला खरंच कळत नव्हतं.

तेव्हा दाराआडून शेवंती बाहेर आली.

"बाबानू, तेना तुमी सांगलात तसाच केल्यान. चूक तेची, की सांगणाऱ्याची? मी होडी घट्ट बांधूक सांगलंय, तेना घट्ट बांधल्यान. आता कोणी काय्येक सांगू नका. मी जातंय तेच्यावांगडा."

तिने बोचकं उचललं. जानूमामांनी पहाटे पकडलेली एक तांबोशी टोपलीत टाकून दिली. सगुण इतका हरखला की वल्हं उलटं धरून बसला. शेवंतीने सांगितलं होतं, काही सांगू नका. पण बाप तो बाप. लेक होडीत बसल्यावर मामांना राहवलं नाही, ते काठावर आले आणि अगदी थोडक्यात बोलले.

"जावयानू, बाकी सगळा विसरा. कागदावर लिवलेला हा, तितक्याच करा."

"बरां मामानू. आता ध्यानात ठेवतंय."

होडी निघाली. शेवंती हसून बोलत होती, सगुण ऐकत होता. त्याच्या आयुष्यात असा दिवस आला नव्हता. मग नाका दिसला, आणि सगुणने कागद आठवला.

एक माणूस, एक होडी, दोन वल्ही, एक गरी.

त्याने होडीत पाहिलं. वल्ही दोन होती. गरी एक होती. माणसं दोन होती.

सगुणने होडी खडकाला लावली आणि स्वतः खाली उतरला. वल्ही शेवंतीच्या हातात दिली आणि होडीला असा जोर लावून ढकलली की ती ओहोटीच्या धारेला लागून सरळ गावाच्या दिशेने निघाली. नाकेदार ओरडला, अरे, बायकोला न्यायला कोण अडवतंय?

"माशाक कागद लागना नाय, ह्या माका म्हायत हा," सगुण म्हणाला. "पण शेवंती काय मासो न्हय."

शेवंतीने दोन हाका मारल्या. मग होडी खूप पुढे गेली. तांडेलाचीच लेक ती, तिने वल्ही पाण्यात घातली आणि सासरी पोचली. त्या दिवशी सासूच्या तव्यावर तांबोशी पडली. सगुण मात्र पोहत सासुरवाडीला परतला आणि ओल्या कपड्यांनी अंगणात उभा राहिला.

"शेवंती खंय?" मामांनी विचारलं.

"पोचली, मामानू. एक माणूस, एक होडी, दोन वल्ही, एक गरी. सगळा बरोबर."

मामा मटकन खाली बसले. बायको सासरी आणि नवरा बायकोच्या माहेरी, असा संसार त्यांनी कधी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या होडीचा कागद केला आणि जावयाला पोचवायला निघाले. वाटेत सगुणने विचारलं, कागदावर काय लिहिलंय? मामा बेसावध होते. त्यांनी सांगून टाकलं. दोन माणसं, एक होडी, दोन वल्ही.

धक्क्यावर शेवंती वाट बघत उभी होती. आईने लेकाला पोटाशी धरलं. शेवंतीने उरलेल्या तांबोशीचं कालवण वाढलं, आणि सगुण कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला. मामांनी ते डोळे भरून पाहिलं. यापुढे एक शब्द जरी बोललो तर घात होईल, हे त्यांना आता पुरतं कळलं होतं. ते हळूच उठले, कोणाचा निरोपही न घेता होडीत बसले आणि वल्हवू लागले.

सगुणने हात धुतले आणि खाडीकडे पाहिलं. होडी निघाली होती. होडीत मामा एकटे होते. दोन माणसं गेली होती आणि एकच परत चाललं होतं. आता नाकेदार बिचाऱ्या मामांना अडवणार.

मागून शेवंतीची हाक येईपर्यंत त्याने पाण्यात उडी मारली होती.

मामा वल्हवत होते. होडी आज जड का लागते, हे त्यांना समजेना. वय झालं, दुसरं काय, असं म्हणून ते दम खात खात नाक्यावर पोचले. मागे त्यांनी पाहिलंच नाही. नाकेदाराने मात्र पाहिलं. होडीच्या मागच्या टोकाला दोरी होती, दोरीला सगुण होता, गळ्यापर्यंत पाण्यात, आणि तोंड घट्ट मिटलेलं.

नाकेदाराने कागद वाचला. होडीकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. आणि शिक्का मारून टाकला.

"जानूमामा, तुमका बरो मासो गावलो," तो म्हणाला. "पण हो माका नाका. तुमीच व्हरा."

त्या नाक्यावर पुढ्यात आलेला मासा नाकेदाराने आपणहून नाकारला, असं त्या एकाच दिवशी घडलं.