पिंपातले तीन वारे

एका राज्यात घरोघरी जवाची सुरा होत असे, आणि प्रत्येक पिंपात एक वारा वस्तीला असे. तो सुरेत मुरला की चषकात सुरा उतरे व तिच्यावर दोन बोटे फेस शोभे. असा चषक पाहुण्याला देणे हा मान. नुसता फेस देणे म्हणजे उघड वैर.

त्या राज्याची राणी हेमलेखा त्या सकाळी संतापाने येरझारा घालत होती. शेजारचा राजा शूरकेतू सूर्यास्ताला येणार होता. मानाचा चषक मिळाला तरच तो आपल्याकडे ओलीस असलेला तिचा पुत्र अरिंजय परत देणार होता. आणि राजवाड्यातले पिंप फेस ओकत होते!

“प्रधानजी, हे काय?”

“वारा मरगळला असावा, महाराणी. म्हणून पहिल्यावर दुसरा कोंडला, दुसऱ्यावर तिसरा. आज्ञा असेल तर चौथा आणवतो.”

“प्रत्येक वेळी फेस वाढला, आणि तुम्ही चौथा आणवता? कोठे भरणार, स्वतःच्या मस्तकात?”

गवाक्षातला भारद्वाज पक्षी म्हणाला, “राणीसाहेब, पिंपाला शाप आहे. कोणाचा, ते पिंपालाच विचारा.”

राणीने पिंपावर टकटक केली. आतून आवाज आला, “एकाच्या घरात तिघांना डांबता, वर उन्हात ठेवता, आणि पाहुण्यापुढे शहाण्यासारखे वागा म्हणता? न्याय होईपर्यंत फेसच मिळेल!”

“राणीशी बोलतो आहेस!”

“राणी असशील तर न्याय कर. नाहीतर फेस पी.”

राणीने आवाज उतरवला. दिवसभरात रागावण्याचा खरा हक्क असलेला हा पहिलाच भेटला होता.

“काय हवे?”

“थंडावा, मोकळीक आणि झोप.”

राणीच्या हुकमासरशी राजवाड्याच्या दारातला दगडी हत्ती जागा झाला, आणि त्याने पिंप सोंडेवर तोलून राजवाड्याखालच्या हिमगुहेत उतरवले. उन्हात फुगलेल्या वाऱ्यांचे अंग तेथे आवरले. मग राणीने वरचे बूच हळूच सैल केले. थोरला फुसकन सुटला आणि जाता जाता प्रधानाची पगडी घेऊन गेला. मधला मात्र हलेना.

“आधी क्षमा मागा.”

राणीने मान लववली. “आमचा अन्याय झाला.”

तोही गेला. राणीने बूच घट्ट बसवले. उरलेला धाकटा सुरेत शिरून निजला.

शूरकेतू आल्याचे शिंग वाजले. प्रधान कुजबुजला, “पिंप जरा हलवू या का? लवकर मुरेल.”

“हात लावाल तर हात जाईल!”

शूरकेतू गुहेच्या दारात उभा राहून गरजला, “मला ताटकळत ठेवता? हा अपमान समजू?”

“निजलेल्याला दचकवून उठवले तर तो फेसच देतो, राजा. सूर्यास्ताचा करार आहे. सूर्य अजून वर आहे.”

राणी पिंपाला पाठ लावून उभी राहिली. सूर्य क्षितिजाला टेकला तेव्हा तिने तोटी उघडली. सोनेरी सुरा शांतपणे उतरली. वर दोन बोटे फेस.

शूरकेतूने चषक रिकामा केला, मिशा पुसल्या आणि पुढे धरला. “आणखी?”

“आधी माझा मुलगा.”

राजा हसला. त्याच्या खुणेसरशी बाहेर उभ्या अरिंजयच्या बेड्या तुटल्या. शाप उतरला, तह झाला, आणि एका पिंपात एकच वारा, तोही सावलीत, असा राज्याचा नियम झाला. अरिंजय मात्र गुहेच्या पायऱ्या उतरत पुढे आला, तेव्हा दिवसभर गरजणारी राणी पिंप सोडून धावली. तिने नुसते हात पसरले.