नव्या प्रधानाला एक वर्ष

नवा प्रधान नेमला गेला तेव्हा उंबरखेडने साखर वाटली होती. आता तरी तळ्याचं पाणी गावाला पुरेल, अशी आशा होती. पण आठवड्यातच प्रधानाने ते आपल्या बागेकडे वळवलं आणि गावातल्या विहिरी आटल्या.

गाव दरबारात गेलं. राजासमोर प्रधान थंडपणे म्हणाला, "मी नवा आहे. वर्षभर मला कुणी जाब विचारू नये."

गावच्या म्हाताऱ्यांनी लगेच माना डोलावल्या. "नव्या माणसाला सांभाळून घ्यावं," सगुणाचे सासरे म्हणाले.

मागे उभी असलेली सगुणा पुढे आली. "मामंजी, मला तुमच्या घरात येऊन किती दिवस झाले?"

"नऊ."

"पहिल्याच दिवशी भाकरी करपली, तर तुम्ही ताट सरकवून माझ्या आईबापाचा उद्धार केलात. मी नवी नव्हते?" मग ती प्रधानाकडे वळली. "नव्या सुनेला एक दिवस मिळत नाही. अख्खं गाव तहानलेलं ठेवणाऱ्याला वर्ष कशाला हवं?"

प्रधानाने आधारासाठी म्हाताऱ्यांकडे पाहिलं. ते जमीन न्याहाळत होते. राजाने मात्र त्याच्याकडे तिथल्या तिथे उत्तर मागितलं.

संध्याकाळी गावात पाणी आलं. सगुणाची भाकरी त्या दिवशीही करपली. सासऱ्यांनी ती मुकाट्याने खाल्ली.