उलटी चालणारी मुलगी आणि फुसका चेंडू

एका गावात एक मुलगी उलटी चालायची. दचकू नका, तिचे पाय तुमच्या-माझ्यासारखेच सरळ होते. तिच्या घरी काथ्याचे दोर वळायचं काम चालायचं आणि दोर वळणाऱ्याला उलटंच चालावं लागतं. गल्लीच्या एका टोकाला आई चाक फिरवायची. मुलगी कमरेला काथ्याची जुडी बांधून, चाकाकडे तोंड करून, बोटांतून काथ्या सोडत एकेक पाऊल मागे जायची. ऐंशी पावलांवर गल्ली संपायची आणि तिथे काथ्यासाठी नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, भिजत घातलेला खड्डा होता. लहानपणी ती त्यात दोनदा पडली होती. त्या पाण्याला असा वास होता, की नंतर आठवडाभर वर्गात तिच्या बाकावर कोणी बसलं नाही. तेव्हापासून ती पावलं मोजून चालायची.

त्या गावच्या शाळेला बास्केटबॉलचं भारी वेड. दरवर्षी नदीपलीकडच्या गावाशी मुलींचा सामना व्हायचा. जिंकेल त्या शाळेत पितळेची ढाल वर्षभर राहायची. सात वर्षं ती पलीकडेच मुक्काम ठोकून होती.

संघ निवडायची सरांची पद्धत सोपी होती. प्रत्येकीने दहा वेळा चेंडू रिंगमध्ये टाकायचा आणि ज्यांचे जास्त पडतील त्या पाचजणी खेळणार. सगळ्यात उंच मुलीचे नऊ पडले, ती कप्तान झाली. आपल्या दोरवाल्या मुलीचे दोन पडले. बाकीचे रिंगपर्यंत पोचलेच नाहीत.

"तू राखीव," सर म्हणाले. सर वाईट नव्हते, पण पद्धत ती पद्धत.

राखीव म्हणजे बाकावर बसणं, हे तिला ठाऊक होतं. ती सातवीत होती आणि गावातली शाळा सातवीपर्यंतच होती. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. तिला रडू आलं. तिने ते गिळलं आणि म्हणाली, "सर, अडगळीतला तो जुना चेंडू मी घरी नेऊ?"

"ने की. पण तो फुसका आहे. तासभरही हवा टिकत नाही."

"टिकेल तेवढी पुरे, सर."

दुसऱ्या दिवसापासून पहाटेचं दोराचं काम आटोपलं, की ती सायकलच्या पंपाने चेंडूत हवा भरायची आणि हवा असेपर्यंत गल्लीत एकटीच टप्पे मारायची. चेंडू म्हातारा, जेमतेम गुडघ्यापर्यंत उडायचा. सुरुवातीला तर नुसती फजिती! चेंडू वर यावा म्हणून ती त्याच्यावर तळव्याने थापट्या मारायची. चेंडू कधी गटारात जायचा, कधी शेजारच्या कोंबड्यांत. ती डोळे फाडून त्याच्याकडे बघत राहायची, तरी तो निसटायचाच.

चौथ्या दिवशी आईला राहवलं नाही. "अगो, दोर वळताना हातांकडे बघतेस का कधी?"

"नाही. चाकाकडे बघते."

"मग काथ्या कमी-जास्त झाला हे कसं कळतं?"

मुलीने हात वर करून पाहिले. "बोटांना कळतं."

"तळव्याला नाही ना कळत? मग त्या बिचाऱ्याला कशाला थोबाडीत मारतेस?" असं म्हणून आई आपल्या चाकाकडे वळली.

त्या दिवसापासून मुलीने नजर चाकावर ठेवली आणि चेंडू बोटांच्या हवाली केला. आधी उजव्या हाताने ऐंशी पावलं मागे, ऐंशी पुढे. मग डाव्या हाताने. डावा हात आठ दिवस रुसून बसला होता, पण तिने त्याची समजूत घातली. मग एका हातातून दुसऱ्या हातात, मग पायांच्या मधून. बघायला कोणी नव्हतं आणि शाबासकी द्यायलाही कोणी नव्हतं. मला तर त्या पोरीच्या याच गोष्टीचं जास्त कौतुक वाटतं.

एकदा कप्तान तिथून चालली होती. ती हसून म्हणाली, "अगं, रिंग पुढे असते! तू मागे कुठे निघालीस? आणि टाकायचा नसेल तर चेंडू नुसता आपटून काय मिळणार?"

मुलगी म्हणाली, "अजून थोडी हवा आहे," आणि मागे चालत राहिली.

सामन्याचा दिवस उजाडला. पलीकडच्या गावचं मैदान माणसांनी फुललं होतं. पाचही जणी रिंगमध्ये नेम धरून सराव करत होत्या. आपली मुलगी मात्र मैदानाच्या कडेने रिंगकडे तोंड करून उलटी चालत होती. "रिंगपासून मधल्या रेषेपर्यंत एकोणीस," ती पुटपुटली. लोक खो-खो हसले.

सामना सुरू झाला आणि हसू आपल्याच गावाकडे वळलं. पाचही जणींचा नेम अचूक होता, पण नेम धरायला चेंडू रिंगपाशी पोचायला तर हवा! पलीकडच्या मुली अंगावर धावून यायच्या, आपल्या मुली खाली चेंडूकडे बघायच्या, आणि चेंडू गेलाच म्हणून समजा. मध्यंतराला पंधरा विरुद्ध चार. कप्तानच्या डोळ्यांत पाणी होतं.

ती सरांना म्हणाली, "सर, माझ्या हातात चेंडू राहतच नाही. तिला घ्या. दोरवाल्या मुलीला."

सरांनी एकीला बसवलं आणि हिला उठवलं.

नव्या चेंडूला हात लागला आणि मुलीला हसूच आलं. तो आपणहून उडत होता, फुसक्या चेंडूसारखी मिनतवारी नव्हती! नजर वर ठेवून ती निघाली. एक अंगावर आली, चेंडू डाव्या हातात गेला. दुसरी आली, पायांच्या मधून उजव्या हातात आला. रिंगपाशी पोचल्यावर तिने तो कप्तानकडे दिला आणि कप्तानने तो टाकला. असं पुन्हा पुन्हा झालं. हसणारे लोक आता उभे राहून बघत होते.

शेवटच्या मिनिटाला आपलं गाव फक्त एका गुणाने मागे होतं. रिंगपाशी चेंडू मुलीकडे होता आणि कप्तानला दोघींनी घेरलं होतं. मुलगी थांबली आणि टप्पे मारत उलटी चालू लागली.

मधली रेषा ओलांडून चेंडू मागे नेला, की तो समोरच्यांना मिळतो, असा नियम आहे. तिला घेरणारी ओरडली, "रेषेकडे चाललीय! ढकला तिला मागे!" कप्तानला सोडून त्या दोघीही धावल्या. मुलीने वळून पाहिलं नाही. सोळा, सतरा, अठरा. रेषा टाचेच्या एकच पाऊल मागे राहिली आणि ती गपकन थांबली. तिघीजणी तिच्यापाशी आणि रिंगखाली कप्तान एकटी! मुलीने चेंडू भिरकावला. कप्तानने झेलला, टाकला, आणि शिट्टी वाजली.

एका गुणाने ढाल मिळाली. सरांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "माझी पद्धतच चुकली, बाळ. रिंगमधले मोजले, रिंगपर्यंत नेलेले मोजायचे राहिले."

दुसऱ्या दिवशी पहाटे कप्तान गल्लीत हजर. "मलाही शिकव."

मुलीने तिच्या हातात फुसका चेंडू आणि पंप दिला. "आधी हवा भर. मग चाकाकडे बघत मागे जा."

कप्तान निघाली. नजर चाकावर, बोटं चेंडूवर, सगळं अगदी झकास. थोड्या वेळाने गल्लीच्या टोकाकडून मोठ्ठा आवाज आला, धपाक्! आणि पाठोपाठ तो वास.

मुलगी धावत गेली. तिने हात दिला आणि कप्तानला वर ओढलं. दोघी पोट धरून हसल्या.

"ऐंशी पावलं आहेत," मुलगी म्हणाली. "मोजत जा. मी दोनदा पडले होते."

तात्पर्य एवढंच: कोणी बघत नसताना हाताला जे शिकवावं, तेच सगळे बघत असताना हात विसरत नाही.