काटे मिटून ठेवण्याचा हुकूम

नदीपलीकडच्या एका जंगलात, टेकडीच्या पायथ्याशी बीळ करून एक साळिंदरीण राहत असे. तिला सगळे साळू म्हणत. मुलांनो, साळिंदर तुम्ही चित्रात तरी पाहिले असेल. अंगभर काळेपांढरे लांब काटे, आणि नखे अशी की कठीण जमीनही उकरून निघावी. साळिंदर आपण होऊन कुणाच्या वाटेला जात नाही. संकट जवळ आले की ते काटे फुलवते आणि शेपटीचे पोकळ काटे खडखडवते. तो खडखडाट कानावर पडला की आसपासची सगळी साळिंदरे हातातले काम टाकून बाहेर पळतात. बोलत बसायला सवड नसते, तेव्हा त्यांचे बोलणे हेच.

एकदा सलग दोन वर्षे पाऊस रुसला. वरवरचे कंद संपले. टेकडीच्या पोटात खोलवर भरपूर कंद होते, हे सर्वांना ठाऊक होते. पण टेकडी राजाच्या मालकीची. कोल्हा एक दिवस सिंहाकडे गेला आणि म्हणाला, "महाराज, टेकडी मला द्या. मी साळिंदरांकडून कंद काढून घेतो आणि पायथ्याशी ढीग घालतो. वासाने रानडुकरे आपसूक येतील. आपल्याला शिकारीसाठी पायसुद्धा हलवावे लागणार नाहीत." सिंहाला ही व्यवस्था फार आवडली. तेव्हापासून कंद डुकरांना, डुकरे सिंहाला, आणि उरलेसुरले मांस कोल्ह्याला, असे सुरळीत सुरू झाले. साळिंदरांना ढिगाच्या तळचे किडके, मुठीएवढे कंद मिळत. पोटात आग पडलेली असताना तेही कमी नव्हते. साळू, तिचा नवरा आणि तिची नणंद, तिघेही टेकडीत खोदायला जाऊ लागली.

सुरुवातीला साळिंदरे आपल्या पद्धतीने खोदत. भुयार पुढे नेताना मध्येमध्ये मातीचे जाड खांब तसेच सोडत, म्हणजे वरचे छत त्यांच्यावर तोलून राही. पुढे कंद कमी निघू लागले. मग कोल्हा एकदा भुयारात आला, एका खांबाला नाक लावून हुंगत राहिला आणि म्हणाला, "यात केवढे कंद आहेत. हे खांब कशाला ठेवलेत? उद्यापासून तेही खोदा."

"छत खाली येईल," साळूचा नवरा म्हणाला.

"येईल तेव्हा बघू," कोल्हा म्हणाला. छत येईल हे त्यालाही कळत होते. पण छताखाली त्याला उभे राहायचे नव्हते. "ज्याला भीती वाटते त्याने खुशाल घरी बसावे. माझी कुणावर जबरदस्ती नाही."

घरी बसायचे म्हणजे उपाशी मरायचे, हे न बोलताच सगळ्यांना समजले. खांब खोदायला सुरुवात झाली. आठवड्याभरात एका बाजूची माती ढासळली आणि दोन साळिंदरे तिच्याखाली गेली. कोल्ह्याने तेवढी बाजू बंद केली आणि काम पुढच्या बाजूला सुरू केले.

साळूला राहवेना. नवऱ्याने अडवले तरी ती सिंहाच्या गुहेपाशी गेली आणि खाली मान घालून म्हणाली, "महाराज, आम्ही जास्त खायला मागत नाही. खांब खोदू नयेत एवढा एक हुकूम द्या. आपला शब्द कोल्हा मोडणार नाही."

सिंह जेवून पहुडला होता. स्वभावाने तो दुष्ट नव्हता, हे सांगायला हवे. त्याने साळूचे बोलणे पूर्ण ऐकून घेतले. मग तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "बाई, माझ्या राज्यात प्रत्येकजण मोकळा आहे. तुम्ही आपखुशीने खोदायला गेलात, कोल्ह्याने आपखुशीने तुम्हाला काम दिले. दोघांच्या मध्ये राजाने पडायचे म्हणजे दोघांचेही स्वातंत्र्य हिरावून घ्यायचे. तुमचा आपसातला मामला आहे. तुम्हीच बसून मिटवा."

साळू परत आली. राजानेच बसून मिटवा म्हटले आहे, तर बसू या, असे तिने सगळ्यांना सांगितले. टेकडीसमोरच्या मोहाच्या झाडाखाली सगळी साळिंदरे जमली. पुष्कळ बोलणे झाले. काहीजण रडलेसुद्धा. शेवटी ठरले की कंद काढायचे, पण खांबांना नख लावायचे नाही. एकेकाने होकार दिला आणि सर्वांनी मिळून काटे खडखडवले. तो आवाज दूरपर्यंत गेला. कितीतरी दिवसांनी साळूला त्या रात्री नीट झोप लागली.

कोल्हा मात्र तडक सिंहाकडे गेला. खांबांचे त्याने नावही काढले नाही. "महाराज," तो म्हणाला, "साळिंदरे एकत्र जमू लागली आहेत. आज माझ्याविरुद्ध काटे खडखडवले, उद्या कुणाविरुद्ध खडखडवतील कोण जाणे. आणि एवढ्या आवाजात रानडुकरे तरी कशी यायची?"

सिंह उठून बसला. मध्ये पडू नये वगैरे त्याला या वेळी आठवले नाही. सूर्य डोक्यावर यायच्या आत हुकूम निघाला : साळिंदरांनी एका जागी जमू नये. काटे अंगाशी मिटून ठेवावेत. जो कोणी काटे खडखडवील तो राज्याचा शत्रू समजला जाईल. हुकूम पाळला जातो की नाही हे पाहायला भुयाराच्या तोंडाशी तरस बसवला गेला.

दोनच दिवसांत एका म्हाताऱ्या साळिंदराला पायाजवळ नाग दिसला आणि सवयीने त्याचे काटे खडखडले. तरसाने त्याला सगळ्यांसमोर दाबून धरले आणि पाठीचे काटे एकेक करून उपटले. म्हातारा "नाग होता, नाग होता" एवढेच म्हणत राहिला. तशा उघड्या पाठीने तो रानात गेला आणि बिबट्याला सहज सापडला.

त्यानंतर खांबांबद्दल कुणी तोंड उघडले नाही. मोहाच्या झाडाखाली झालेला ठराव झाडाखालीच राहिला.

"आता गप राहू या," नवरा साळूला म्हणाला. "पोटापुरतं मिळतंय. दिवस पालटले की सोडून देऊ हे काम."

"आणि तोवर छत राहिलं नाही तर?"

"मी सगळ्यांच्या पुढे असतो ना. काही वाटलंच तर तुला सांगेन."

साळू दुसऱ्या दिवशीही खोदायला गेली. तिलाही तरसाचे डोळे आठवत होते.

एके सकाळी साळिंदरे भुयारात खोदत होती. नवरा सर्वांत आत, त्याच्या मागे बाकीची रांग. साळू आणि तिची नणंद तोंडाजवळ माती लोटत होत्या. भुयार अगदी शांत होते. नखांची खरखर तेवढी ऐकू येत होती. मग पायांखालची जमीन हादरली, धुळीचा लोट अंगावर आला आणि दोघी बाहेर फेकल्या गेल्या. वळून पाहतात तो भुयार नव्हते. टेकडीचा मधला भाग खाली बसला होता.

साळूने खोदायला सुरुवात केली. बाहेर ढीग रचणारी साळिंदरेही धावत आली. तरस उठून एका बाजूला झाला. या कामाबद्दल त्याला काही हुकूम नव्हता. नखे तुटून रक्त आले तरी साळू थांबली नाही. एकामागून एक साळिंदर बाहेर निघाले, एकही जिवंत नव्हते. नवरा सर्वांत शेवटी सापडला. त्याचे तोंड बाहेरच्या दिशेला होते. म्हणजे माती सरकू लागल्याचे त्याला कळले होते. वळायला त्याला वेळ मिळाला होता. साळूने त्याच्या पाठीवरची माती झटकली आणि ती तशीच बसून राहिली. त्याचे काटे अंगाशी चापून बसले होते. रांगेतल्या प्रत्येकाचे काटे तसेच होते. मरताना एकानेही ते उभारले नव्हते.

बातमी कळल्यावर सिंह स्वतः दरबाऱ्यांसह आला. ओळीने मांडलेली प्रेते पाहून त्याचा गळा खरोखरच दाटून आला. कोल्हा त्याच्या मागे डोळे पुसत उभा होता.

"पण तुमच्यापैकी कुणी इशारा कसा दिला नाही?" सिंहाने विचारले. "एकाने जरी काटे खडखडवले असते, तरी मागचे सगळे वाचले असते."

"मनाई होती, महाराज," साळू म्हणाली.

"ती मनाई झाडाखालच्या गोंगाटाला होती. भुयारात जीव वाचवायला कुणी मनाई केली होती?"

साळूने वर पाहिले. "ज्याचे काटे उपटले, त्याने नाग पाहिला होता. आम्ही सगळ्यांनी ते बघितलं. त्यानंतर कुठं खडखडवायचं आणि कुठं नाही, हे कुणी कुणाला विचारायचं? मी आपल्याकडे आले होते, महाराज. तेव्हा आपण म्हणालात, राजानं मध्ये पडू नये."

सिंहाने आयाळ झटकली आणि मोठ्या आवाजात हुकूम दिला की आजपासून या टेकडीतला एकही खांब कुणी खोदू नये. त्या टेकडीत आता भुयार नव्हते आणि खांबही नव्हते, पण हुकूम ऐकून दरबारी मंडळींनी माना डोलावल्या.

"आणि काटे मिटून ठेवण्याचा हुकूम?" साळूने विचारले.

"तो थोडे दिवस राहू दे," सिंह म्हणाला. "सगळे दुःखात आहेत, अशा वेळी डोकी लवकर भडकतात. वातावरण निवळले की बघू."

आठ दिवसांनी नदीकाठची दुसरी टेकडी कोल्ह्याला मिळाली. साळिंदरांच्या पोटातली आग विझली नव्हती, त्यामुळे तिथेही रांग लागली. साळू गेली नाही. ती खचलेल्या टेकडीजवळ बसून सुकलेल्या मुळ्या चघळत असे. नव्या टेकडीकडे जाताना तिची नणंद एक दिवस तिच्यापाशी थांबली. नणंदेच्या अंगात त्राण उरले नव्हते, आणि बिळात तीन पिले होती.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "तिकडे खांब सोडतात का गं, कुणास ठाऊक."

"जाशील तेव्हा विचारून बघ."

नणंदेने आजूबाजूला पाहिले. तरस लांब होता, तरी तिने आवाज आणखी खाली आणला. "विचारलेलं चालतं का?"

मग उत्तराची वाट न पाहता नणंद काटे अंगाशी मिटून रांगेच्या दिशेने निघून गेली.

तात्पर्य : कष्ट करणाऱ्याचा जीव धोक्यात असतो, तेव्हा 'तुमचा आपसातला मामला' म्हणून राजाने अंग काढून घेऊ नये, आणि तोच कष्टकरी आपले दुःख बोलू लागतो, तेव्हा राजाने मध्ये पडू नये. जो राजा याच्या नेमके उलट वागतो, त्याला पुढे प्रेतांपाशी येऊन गळा दाटून आणण्यापलीकडे काही काम उरत नाही.