पेटीतली गुलाबदाणी

मंडळी, एक विचारतो. उद्या तुम्हांला बिऱ्हाड हलवायचं आहे. पाट-पलंगांची चिंता नाही; पण फडताळातल्या कपबश्या, लोणच्याच्या बरण्या, काचेचे पेले परगावी न्यायचे आहेत. विश्वास कोणावर टाकाल? गाडीवानावर, जाड फळ्यांच्या पेटीवर, की 'अहो, काळजीच सोडा' असं हसतमुखानं सांगणाऱ्या माणसावर? उत्तराची घाई नको. आधी गोष्ट ऐका.

एकदा एका नदीकाठच्या पेठेत भिकाशेट नावाचे वृद्ध व्यापारी राहत होते. काच आणि चिनीमातीच्या भांड्यांचं त्यांचं दुकान. विक्री तर सगळेच करतात. भिकाशेटांची ख्याती होती ती माल भरून देण्यात. त्यांनी भरलेली पेटी घाट उतरून दोन ओढे ओलांडून गेली तरी आतल्या पेल्यांची झोपमोड होत नाही, असं लोक म्हणत. शाळेची पायरी शेटजी फारशी चढले नव्हते. जे शिकले ते फुटलेल्या मालाकडून शिकले, आणि त्या गुरूनं त्यांना पुष्कळ शिकवलं होतं.

त्यांच्या हाताखाली रंगनाथ नावाचा शिष्य काम शिकत होता. हात चपळ, वाणी गोड, नुकताच संसाराला लागलेला. त्याच्या मनात एकच होतं, आपलं स्वतःचं दुकान. शेटजींनी शब्दही दिला होता, "ज्या दिवशी तू भरलेली पेटी मला उघडून पाहावीशी वाटणार नाही, त्या दिवशी शेजारचा गाळा तुला मिळवून देईन." शेजारचा गाळा रिकामा होता. एक अत्तरवाला रोज संध्याकाळी त्या गाळ्यासमोर उभा राहून पावलांनी त्याची रुंदी मोजून जाई. अत्तरवाल्याचं पाऊल पडलं की रंगनाथाच्या काळजात कळ उठे.

अशात गावच्या वैद्यबुवांनी घाटाखालच्या गावी मुक्काम हलवायचं ठरवलं. त्यांच्या पत्नी अंबाबाई स्वतः दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "शेटजी, बुवांची औषधं बुवा सांभाळतील. माझं स्वयंपाकघर तुम्ही सांभाळा."

भिकाशेटांनी रंगनाथाकडे पाहिलं. "हे काम तुझं एकट्याचं."

रंगनाथाला आभाळ ठेंगणं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो वैद्यबुवांच्या स्वयंपाकघरात मांडी ठोकून बसला. अंबाबाईंनी जुनी लुगडी काढून दिली. त्यानं प्रत्येक कपाला बाळाला टोपडं घालावं तसं गुंडाळलं. एकाचा दुसऱ्याला स्पर्श नको म्हणून दोघांमध्ये चांगली ऐसपैस जागा सोडली. बश्या एकीवर एक आडव्या रचल्या. पेंढा टोचतो, धूळ सांडतो, असा विचार करून त्यानं मोकळ्या जागेत पोतंभर चुरमुरे ओतले. शेवटी वैद्यबुवांचा पितळी खलबत्ता उरला. तो वरच्या मोकळ्या जागेत इतका नेमका बसला की रंगनाथाला स्वतःच्या डोक्याचं कौतुक वाटलं. झाकण ठेवून त्यानं वर खिळे ठोकले आणि भिकाशेटांना निरोप धाडला.

शेटजी आले, ओट्यावर टेकले. अंबाबाईंनी चहा वाटीतून दिला. "कप सगळे पेटीत गेले हो. माफ करा."

"वाटीतला चहा लवकर निवतो, बाई. म्हाताऱ्याला तोच बरा," शेटजी म्हणाले. मग पेटीकडे न पाहताच त्यांनी शिष्याला विचारलं, "आत कशानं भरलंस?"

"चुरमुऱ्यांनी. हलके, स्वच्छ, न टोचणारे. आजवर कोणाला सुचलं नव्हतं."

बाहेर गाडी जुंपत असलेल्या खंडू गाडीवानानं मान वर केली. "पेटीत चुरमुरे हायेत व्हय?"

"हात लावायचा नाही," रंगनाथ म्हणाला.

"मी कशाला लावतोय, मालक? त्याला ना तिखट, ना मीठ. बरोबर शेंगदाणे असते तर गोष्ट येगळी हुती." एवढं बोलून खंडूनं फळ्यांमधल्या फटीकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती भिकाशेटांच्या डोळ्यांतून सुटली नाही.

आता शेटजी पेटी उघडतील, असं रंगनाथाला वाटलं. उघडली की गाळा गेला. पण शेटजींनी पेटीला बोटसुद्धा लावलं नाही. चहा संपवला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "काम झकास झालं असणार. आता एक कर. तुझ्या घरची काचेची एखादी वस्तू असेल, मोलाची, ती घेऊन ये आणि याच पेटीत ठेव."

"माझ्या घरची? ती कशाला, शेटजी? मी कुठे बिऱ्हाड हलवतोय?"

"जाऊन तर ये."

गुरूची आज्ञा. रंगनाथ घरी गेला. घरात मोलाची काच म्हणजे एकच होती. बायकोची, गिरिजेची, माहेरून आलेली निळ्या काचेची गुलाबदाणी. हळदीकुंकवाला ती बाहेर निघायची तेव्हा आळीतल्या बायका गुलाबपाण्यापेक्षा गुलाबदाणीकडेच जास्त पाहायच्या. गिरिजा तिला इतकी जपे की घरातल्या मांजराला त्या कोनाड्याखालून जायची बंदी होती.

"शेटजींनी मागितलीय," रंगनाथ म्हणाला. "वैद्यबुवांच्या पेटीत ठेवायची. घाटाखाली जाऊन परत येईल."

"का?"

"ते मला कळलेलं नाही."

"फुटणार नाही ना?"

"छे. पेटी मीच भरलीय."

गिरिजेनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "मग आवाज का बारीक झालाय?"

"उन्हातून आलोय ना."

"उन्हानं घसा सुकतो, आवाज बारीक होत नाही." तिनं गुलाबदाणी कोनाड्यातून काढली, पदराने पुसली आणि त्याच्या हातात देताना एवढंच म्हणाली, "ही फुटली तर मला सांगायला तुम्ही एकटे येऊ नका. चार माणसं बरोबर आणा."

जाताना रंगनाथ ज्या रस्त्यानं ताडताड गेला होता, त्याच रस्त्यानं परतताना तो पायाखालचा खडा न् खडा पाहत आला. ओळखीचा मनुष्य समोरून आला तर चार हात दूर सरला. एका म्हशीला वाट देण्यासाठी तो बराच वेळ भिंतीला पाठ लावून उभा राहिला. म्हैस गेली, तिच्या मागून तिचं रेडकू गेलं, तरी हा भिंत सोडेना.

वैद्यबुवांच्या ओट्यावर पोचल्यावर त्यानं खिळे उपसले, झाकण काढलं, आणि गुलाबदाणी हातात धरून तो पेटीत बघतच राहिला.

सकाळी त्यानंच भरलेली पेटी. पण आता त्याला प्रथमच ती दिसली. वर खलबत्ता. गाडीचं चाक एका खड्ड्यात गेलं की तो खाली काय करेल, हे त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. आडव्या बश्यांवर वरच्या बशीचा भार, त्यावर तिच्या वरचीचा, आणि सगळ्यांचा मिळून सर्वांत खालचीवर. कपांना दिलेली ती ऐसपैस जागा म्हणजे एकमेकांवर आपटायला मोकळं अंगणच. आणि चुरमुरे? ते दाबले की चपटणार, आणि उरलेले घाट उतरेपर्यंत खंडूच्या पोटात बसणार.

त्यानं गुलाबदाणी अंबाबाईंच्या हाती दिली आणि पेटी पार रिकामी केली. खंडूला पेंढा आणायला पिटाळलं. तळाशी पेंढ्याचा जाड थर घातला, खलबत्ता वेगळ्या गोणपाटात बांधून गाडीत निराळा ठेवला. जड बरण्या तळाला, त्यांच्या पोटातही कापड. बश्या उभ्या लावल्या, पुस्तकं फळीवर लावतात तशा, प्रत्येकीच्या मध्ये लुगड्याची घडी. कप अंगाला अंग लावून, पण मध्ये कापड ठेवून असे बसवले की एकालाही हलायला जागा उरू नये. मधोमध गुलाबदाणी. झाकण लावून त्यानं पेटी दोन्ही हातांनी जरा हलवली आणि कान लावला. कुठे खुट्ट नाही.

दिवस कलला होता. भिकाशेट ओट्यावरच होते. रंगनाथ घाम पुसत त्यांच्यासमोर बसला. चेहरा पडलेला.

"गाळा गेला ना, शेटजी?"

"मी तर पेटी उघडली नाही," शेटजी म्हणाले. "तू उघडलीस." मग ते जरा सावरून बसले. "रंगनाथा, तू सकाळी आळस केला नव्हतास. कपांना टोपडी घातलीस, स्वच्छतेचा विचार केलास. पण परक्याची काच भरताना माणूस 'झालं' असं म्हणायची वाट पाहत असतो. आपली काच भरताना 'फुटेल कुठे' हे शोधत असतो. हात तोच, पेटी तीच. फक्त नजर बदलते. मी तुझी पेटी उघडून चार चुका दाखवल्या असत्या, तर तुला चार चुका कळल्या असत्या. पाचवी तू पुढच्या पेटीत केली असतीस. आता तुला नजर कळली. यापुढे जी पेटी भरशील तीत आपलं काहीतरी ठेव. ठेवायला काही नसेल, तर ठेवलंय असं समज."

अंबाबाई दारातून म्हणाल्या, "मग शेटजी, गाडीवानाचं काय ठेवणार? हाकणार तो आहे."

शेटजी हसले. "खंडू, तुझ्याकडे काचेचं काय आहे रे?"

"माझ्याकडं कुठलं काचेचं, शेट? नशीब तेवढं," खंडू म्हणाला. मग डोकं खाजवत पुटपुटला, "एक हाय. कारभारणीसाठी बांगड्या घेतल्यात. रुसलीया ती."

"आण इकडे."

बांगड्या पेटीत गेल्या. आणि मग त्या घाटात लोकांनी एक नवल पाहिलं. जो खंडू उतारावर बैलांना वाऱ्यासारखा सोडायचा, तो बैलांच्या पुढे पायी चालत होता आणि प्रत्येक खड्ड्याशी थांबून त्यांना समजावत होता, "हळू, राजा. घरी जायचंय का न्हाई आपल्याला?"

गाडी पोचली; तिच्यासोबत भिकाशेट आणि रंगनाथही आले होते. वैद्यबुवा आणि भिकाशेट ओसरीवर पान जमवत बसले, अंबाबाई चुलीची जागा पाहण्यात गुंतल्या. आतल्या खोलीत रंगनाथ एकटाच पेटी सोडवत होता. बरण्या शाबूत. बांगड्या शाबूत. गुलाबदाणी शाबूत. कप सगळे शाबूत. शेवटी कोपऱ्यातून त्यानं एक बशी उचलली, आणि ती दोन तुकड्यांत हाती आली.

त्या कोपऱ्यात पेंढा कमी पडला होता. घाईत तेवढाच राहिला.

बाहेर गप्पा रंगल्या होत्या. कोणी पाहत नव्हतं. पेंढा थोड्या वेळानं परसात जाळायचाच होता. त्यात दोन तुकडे गेले तर कोणाला कळणार? अंबाबाईंनी बश्या मोजल्या नव्हत्या. आणि पेठेत या क्षणी अत्तरवाला बहुधा गाळ्यासमोर पावलं टाकत असेल. रंगनाथानं आधी पेंढ्याकडे पाहिलं, नंतर हातातल्या तुकड्यांकडे. मग उठला, अंबाबाईंना हाक मारली आणि ओसरीवर सर्वांसमोर जाऊन उभा राहिला.

"अंबावैनी, तुमची एक बशी फुटली. रस्त्याचा दोष नाही, खंडूचाही नाही. कोपऱ्यात मी पेंढा कमी घातला."

अंबाबाईंनी तुकडे जुळवून पाहिले. "ही होय? ही माझ्या जाऊबाईंनी दिलेली. आल्या की दर वेळी विचारतात, ती बशी कुठाय म्हणून. आता काय सांगू त्यांना?"

"सांगा, रंगनाथानं फोडली."

"सांगणारच आहे," अंबाबाई म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना. "इतकी वर्षं ती सांभाळून सांभाळून माझा जीव गेला होता."

वैद्यबुवाही हसले. हसले नाहीत ते भिकाशेट. ते म्हणाले, "दुकानातून यांना दुसरी बशी पोचती करायची. त्या हसल्या म्हणून बशी सांधली जात नाही."

"हो, शेटजी."

"आणि परत गेल्यावर आधी गाळ्याच्या मालकाकडे जाऊ. अत्तरवाल्याच्या आधी."

रंगनाथाला वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चुकतंय. "पण बशी तर फुटली."

"काच आहे, फुटायचीच. माझ्या हातून आजही फुटते," भिकाशेट म्हणाले. "मी बाहेर पान खात होतो आणि फुटलेली बशी मला तुझ्या तोंडून कळली. आता तुझी पेटी उघडून बघायचं मला कारण उरलं नाही."

रंगनाथानं मान खाली घातली. दोन तुकडे अंबाबाईंच्या हातात तसेच होते. ते पेंढ्यात टाकायचं त्याच्या मनात येऊन गेलं होतं, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

मंडळी, तुमचं दुकान असो, संसार असो, की चार माणसांनी विश्वासानं सोपवलेलं एखादं काम असो, माझी एवढीच विनंती आहे. हिशेब मांडाल तेव्हा जे सुखरूप पोचलं ते लिहा, आणि जे आपल्या हातून फुटलं तेही, कोणी विचारायच्या आधी, त्याच शाईनं लिहीत जा.