महाराजांच्या जोराचं माप

रणधवल महाराजांची कुऱ्हाड सागाच्या बुंध्यावर आपटली, ठण्ण करून उसळली आणि छत्री धरणाऱ्याच्या पायाशी जाऊन पडली. झाडाची साल तेवढी खरचटली. दरसाल तोडणीचा पहिला घाव राजाने घालायचा, अशी तिवरगडची रीत होती. तो घाव दरसाल थोडा थोडा उथळ होत चालला होता. रानातल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं, बोलत मात्र कुणी नव्हतं.

कारभारी आबाजीपंतांना कारण लगेच सापडलं. दोष महाराजांच्या हाताचा कसा असेल? दोष झाड निवडणाऱ्यांचा. लाकूडतोडे म्हातारे झाले, त्यांना मऊ काय नि कठीण काय हे कळेनासं झालं. महाराजांना हे फारच पटलं. दिवस मावळायच्या आत दवंडी पिटली गेली, की साठी उलटलेल्या लाकूडतोड्यांनी कुऱ्हाडी जमा करून रान सोडावं.

पहिला हुकूम लखमावर बजावला गेला, कारण तोच सगळ्या तोड्यांचा म्होरक्या. उठताबसताना त्याचे गुडघे कुरकुरत, पण उभा राहिला की अजूनही दोन तरण्यांना भारी पडायचा. रान सोडायचं म्हणजे झोपडीही गेली आणि पोटही गेलं. लखमा कुऱ्हाड मांडीवर घेऊन नुसता बसून राहिला. त्याची बायको देवका मात्र चुलीवरचं कालवण उतरवून तशीच वाड्याकडे निघाली.

दरबारात तिने हुकुमाविरुद्ध चकार शब्द काढला नाही. तिने फक्त एक अडचण सांगितली. लाकूडतोड्यांच्या पाड्यावर कुणालाच आपलं जन्मसाल माहीत नव्हतं. मग साठी उलटली की नाही, हे ओळखायचं कसं?

"जोरावरून," महाराज म्हणाले.

"आणि जोर मोजायचा कशाने, महाराज?"

महाराजांनी मिशीला पीळ दिला. "आमच्या जोराने. आमच्यापेक्षा कमी पडेल तो म्हातारा."

देवकाने पदर तोंडाशी नेला. या मापाने रानात एकही म्हातारा निघाला नसता. पण आबाजीपंत काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. धोका ओळखून ते पुढे सरसावले आणि त्यांनी दोन पोटकलमं जोडली. महाराजांपेक्षा जास्त जोर दाखवणं हा राजद्रोह, त्याला कैद. बरोबरीचा दाखवणं हा उद्धटपणा, त्याला फटके. महाराजांना हेही पटलं. त्यांनी फर्मावलं, की लखमाने सकाळी वाड्यापुढे येऊन जोर दाखवावा. कमी नको, जास्त नको आणि बरोबरीचाही नको. जमलं तर हुकूम मागे, नाहीतर सगळे म्हातारे रानाबाहेर.

घरी देवकाकडून हे ऐकून लखमाच्या तोंडचं पाणी पळालं. हळू मारू की जोरात, एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. शेवटी देवका म्हणाली, "अवो, मारायचंच न्हाई. कुऱ्हाड घरीच ठेवा."

सकाळी वाड्यापुढे सागाचा एक लांबलचक ओंडका लाकडी घोड्यांवर आडवा चढवून ठेवला होता. बघायला गाव लोटला होता. लखमा रिकाम्या हाताने आला. मागून देवका आली, तिच्या खांद्यावर दोन मुठींची मोठी करवत होती. आबाजीपंतांनी हरकत घेतली, तेव्हा ती महाराजांकडे वळून समजावू लागली. कुऱ्हाडीचे दोन घाव शेजारी शेजारी पडले, तर लोक बघणार आणि तुलना करणार. महाराजांचा हात असा चव्हाट्यावर कशाला मोजायचा? त्यापेक्षा महाराजांनी एक मूठ धरावी, लखमा दुसरी धरेल.

रात्रभर कालचाच घाव आठवत तळमळलेल्या महाराजांना हे ऐकून हायसं वाटलं. अंगरखा काढून त्यांनी मूठ धरली.

आधी करवत अडली. महाराज ओढतही होते आणि ढकलतही होते. लखमा हळूच म्हणाला, की आपल्याकडे येताना ओढावं आणि दूर जाताना नुसतं सैल सोडावं. मग करवत चालली. खर्र खर्र करत भुसा उडू लागला. निम्म्यावर आल्यावर महाराजांना धाप लागली, त्यांनी लखमाकडे केविलवाणं पाहिलं. "नुसतं धरून राहा," लखमा पुटपुटला. त्याचाही श्वास फुलला होता. दोघं म्हातारे एकमेकांच्या तोंडाकडे बघत मागेपुढे झुलत राहिले आणि थोड्या वेळाने ओंडक्याचं टोक धप्पकन खाली पडलं. गावाने जल्लोष केला. महाराजांनी जन्मात पहिल्यांदाच एक लाकूड पुरतं कापलं होतं!

घाम पुसत महाराजांनी आबाजीपंतांना निकाल विचारला. पंत मनाशी हिशेब मांडू लागले. लखमाचा जोर कमी म्हणावा, तर करवत चालली कशी? जास्त म्हणावा, तर महाराजांचा कमी ठरतो. बरोबरीचा म्हणावा, तर दोन्ही बाजूंचा जोर वेगळा काढून दाखवायला हवा. पंत उपरण्याने कपाळ टिपत राहिले.

महाराज देवकाकडे वळले. "बाई, तू खरं सांग. यात आमचा जोर किती होता?"

देवकाने हात जोडले. "करवतीत दोघांनी ओढून भागत नाही, महाराज. एकाने ओढलं की दुसऱ्याने सोडावं लागतं. आपण अगदी वेळेवर सोडत होतात, म्हणून तर लाकूड कापलं गेलं."

क्षणभर महाराजांचा चेहरा गोंधळला. मग अर्थ डोक्यात शिरला आणि ते ठसका लागेपर्यंत हसले. तिथल्या तिथे त्यांनी हुकूम मागे घेतला, लखमाच्या खांद्यावर शेला घातला, आणि देवकाला नव्या घराच्या खांबासाठी तो कापलेला ओंडका बक्षीस दिला.

"कारभारी," ते म्हणाले, "ओंडका यांच्या दारात पोचायला हवा. एका टोकाला तुम्ही स्वतः खांदा द्या. अजून साठी कुठे उलटलीय तुमची?"

आबाजीपंतांनी ओंडक्याकडे पाहिलं, पाड्याकडे जाणाऱ्या चढाकडे पाहिलं, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा आपलं खरं वय सांगितलं.

"सदुसष्ट, महाराज."